सर्वो सारखा का जळतो? निवड, जोडणी आणि देखभाल

या भागात आकडे बरेच आले, आणि गाडी चालवता चालवता ऐकणाऱ्यांना ते लिहून घेता आले नाहीत. म्हणून बोललेलं थोडं नीटनेटकं करून इथे टाकतोय. बोलण्याचा ढंग तसाच ठेवलाय.

विषय निघाला तो खाप्याच्या एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून. तो म्हणतो, "भाऊ, माझ्या गाडीचा दोन महिन्यांत तिसरा सर्वो गेला. आता २५ किलोवाला घेऊ का ३५ किलोवाला?" गाडी १/१० मापाची, चारही चाकं फिरवणारी, आणि चालते कन्हानच्या काठावर, वाळूत. त्याला माझं पहिलं उत्तर असं, की बाबू, आधी पैसे खिशात ठेव. तीन सर्वो एकाच जागी जळत असतील तर चौथाही तिथेच जळणार आहे, मग तो ३५ किलोचा का असेना. आधी कारण शोधू, मग खरेदी.

आणि हा फक्त पैशाचा प्रश्न नाही. १/१० किंवा १/८ मापाची गाडी दोन ते चार किलोची असते आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी ४०-५० किलोमीटरने सहज पळते. तिचं स्टीअरिंग मध्येच मेलं तर ती कुठे जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. आपल्याकडे गाडी निघाली की भोवती लहान पोरं गोळा होतातच. त्यामुळे सर्वो हा गाडीतला सगळ्यात जबाबदारीचा भाग आहे, असंच धरून चला.

सर्वोच्या पोटात काय असतं

चार गोष्टी. एक छोटी मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर, शेवटच्या दांड्याला जोडलेलं पोटेन्शिओमीटर, म्हणजे दांडा किती अंशात उभा आहे हे सांगणारा भाग, आणि या सगळ्यांचा हिशेब ठेवणारं सर्किट.

खाप्यात हे समजवायला सोपं आहे, कारण गावात हातमाग पाहिलेली माणसं आहेत. विणकर ताणा एकदा बांधून सोडून देत नाही. विणता विणता हाताला ताण जाणवतो, सैल वाटला की ओढतो, जास्त झाला की सोडतो. सर्वोचंही तेच. रिसीव्हर सांगतो "इथे उभा राहा", पोटेन्शिओमीटर सांगतो "मी सध्या इथे आहे", आणि दोन्हींतला फरक संपेपर्यंत सर्किट मोटर फिरवत राहतं. ही कल्पना जुनी आहे. वाफेच्या जहाजांचं सुकाणू वळवायच्या यंत्रासाठी फ्रान्सच्या फार्को यांनी १८७३ साली पुस्तक लिहिलं, त्यातूनच "सर्वो-मोटर" हा शब्द रूढ झाला. म्हणजे पहिलं काम सुकाणूचंच, आणि आपल्या गाडीतही तेच.

यातलं एक वाक्य नीट लक्षात ठेवा: फरक संपेपर्यंत मोटर जोर लावत राहते. चाक कशाला तरी अडलं आणि फरक संपलाच नाही, तर मोटर थांबत नाही. ती जागच्या जागी जोर लावते, पूर्ण करंट ओढते आणि तापते. सर्वो जळण्याच्या बहुतेक गोष्टी या एका वाक्यात आहेत.

रिसीव्हरकडून येणारा संदेश म्हणजे विजेचे छोटे ठोके. साध्या सर्वोला सेकंदाला ५० ठोके मिळतात. ठोका १.५ मिलिसेकंदाचा असेल तर सर्वो मध्यावर. १ कडे गेला तर एका बाजूला, २ कडे गेला तर दुसऱ्या बाजूला. अ‍ॅनालॉग सर्वो मोटरला याच गतीने ढकलतो. डिजिटल सर्वोत छोटा प्रोसेसर असतो, तो मोटरला सेकंदाला कितीतरी जास्त वेळा ढकलतो. म्हणून डिजिटल सर्वो जागा घट्ट धरतो, पण करंटही जास्त खातो आणि उभ्या गाडीत हलकासा गुणगुणतो. तेवढं गुणगुणणं बिघाड नाही.

"२० किलो" म्हणजे नेमकं काय

खोक्यावर २० किलो लिहिलं म्हणजे सर्वो २० किलोची गोणी उचलतो असं नाही. ते किलो-सेंटिमीटर आहे. दांड्याच्या मध्यापासून १ सेंटिमीटरवर २० किलो, २ सेंटिमीटरवर १०, ४ सेंटिमीटरवर ५. सर्वोवरचा हात, ज्याला आपण हॉर्न म्हणतो, जितका लांब तितका जोर कमी आणि फिरणं जास्त. पुष्कळ जण चाक जास्त वळावं म्हणून लांब हॉर्न लावतात आणि मग सर्वो कमजोर निघाला म्हणतात.

दुसरं, हा आकडा सर्वो अडून थांबतो त्या क्षणाचा असतो, रोजच्या कामाचा नाही. रोजच्या कामाला त्याचा तिसरा हिस्सा धरा, म्हणजे सर्वो टिकतो. तिसरं, आकडा कुठल्या व्होल्टेजचा आहे ते बघा. एमजी-९९६आर हा आपल्याकडे भरपूर विकला जाणारा सर्वो. त्याच्या कागदावर ४.८ व्होल्टला ९.४ आणि ६ व्होल्टला ११ किलो असं लिहिलेलं असतं. खोक्यावर अर्थातच मोठाच आकडा येतो.

खोक्यावर विश्वास नसेल तर घरी तपासा. सर्वो टेबलाच्या कडेला घट्ट बांधा. हॉर्नला पट्टी लावून दांड्यापासून बरोबर ५ सेंटिमीटरवर भोक पाडा आणि तिथे एक लिटर पाण्याची भरलेली बाटली टांगा. पट्टी आडवी असताना बाटली उचलली गेली तर सर्वोत ५ किलो-सेंटिमीटर जोर आहे. दोन बाटल्या उचलल्या तर १०. सर्वो अडला की लगेच सोडा, दोन सेकंदांपेक्षा जास्त ताणू नका.

वेगाचा आकडा "६० अंशाला ०.१७ सेकंद" असा असतो, आणि त्यात लहान आकडा म्हणजे चपळ सर्वो. याने काय फरक पडतो? ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. सर्वोला वळायला ०.२ सेकंद लागले तर तेवढ्यात गाडी २ मीटर पुढे गेलेली असते, ०.१ लागले तर १ मीटर. डांबरी रस्त्यावर पळवायला वेग हवा. दगडांवर हळूहळू चढणाऱ्या क्रॉलरला वेगाचं काही नाही, त्याला जोर हवा.

कुठल्या गाडीला किती

हे साधारण मार्गदर्शन समजा. टायर मोठे, वजन जास्त किंवा जमीन मऊ असेल तर वरच्या बाजूला जा.

- १/१८ किंवा त्याहून लहान गाडी: २ ते ४ किलो, छोट्या मापाचा सर्वो.
- १/१० रस्त्यावरची गाडी: ६ ते १० किलो, वेगवान.
- १/१० बग्गी किंवा ट्रक, माती-वाळूत: १० ते १५ किलो, धातूचे गिअर.
- १/१० क्रॉलर: २० ते ३५ किलो, वेग कमी चालेल.
- १/८ बग्गी: १५ ते २५ किलो, वेगही हवा.
- फोमचं छोटं विमान: ९ ग्रॅमचा सर्वो. तिथे वजन आधी, जोर नंतर.

शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये दिसतो तो निळा एसजी-९० हाच ९ ग्रॅमचा. त्याचे गिअर प्लॅस्टिकचे आणि जोर दीड-पावणेदोन किलोच्या आसपास. फोमच्या विमानाला तो छान आहे. वाळूतल्या गाडीत एका उडीत त्याचे दाते जातात.

आता "मोठ्यात मोठा घेऊन टाकू" याबद्दल. जोर वाढवला की मोडण्याची जागा बदलते, मोडणं थांबत नाही. प्लॅस्टिकच्या स्टीअरिंगमध्ये ३५ किलोचा सर्वो लावला तर चाक दगडाला धडकल्यावर सर्वो वाचतो, पण लिंक वाकते, चाकामागचा नकल तुटतो. प्लॅस्टिकचे गिअर घरातल्या फ्यूजसारखं काम करतात, स्वतः तुटून बाकीचं वाचवतात. धातूचे गिअर घेतले तर धक्का सोसायला सर्वो-सेव्हर धड हवा. सर्वो-सेव्हर म्हणजे स्टीअरिंगमधली ती स्प्रिंगवाली जोडणी, जी धक्का बसला की क्षणभर दबते. ती फार सैल असेल तर सर्वो वळतो पण चाक वळत नाही. फार घट्ट असेल तर प्रत्येक धक्का थेट दात्यांवर येतो.

आणखी एक बघायचं ते दांड्यावरचे दाते, म्हणजे स्प्लाइन. फुताबाच्या पद्धतीत २५ दाते, हायटेकच्या नेहमीच्या मापात २४. २४ चा हॉर्न २५ वर ठोकून बसवला तर आज बसेल आणि आठवड्यात घसरेल. ऑनलाइन मागवताना सर्वो आणि हॉर्न एकाच मापाचे आहेत ना, एवढं वाचा.

वीज पुरते का?

आपल्या खाप्याच्या मित्राचं पहिलं दुखणं बहुधा इथे आहे. सर्वोला वीज मिळते ती स्पीड कंट्रोलरमधल्या बीईसीतून. बीईसी मुख्य बॅटरीचं व्होल्टेज ५ किंवा ६ वर आणून रिसीव्हर आणि सर्वोला देतो. स्वस्त कंट्रोलरमध्ये हा बीईसी एक-दोन अँपिअरचाच असतो. एमजी-९९६आर अडला की ६ व्होल्टला अडीच अँपिअर ओढतो, आणि २५-३५ किलोचे सर्वो त्याहून बरंच जास्त. मागणी जास्त, पुरवठा कमी, की व्होल्टेज खाली बसतं. रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. पळत्या गाडीत हा क्षण फार मोठा असतो.

तपासायचं कसं? गाडी जमिनीवर उभी ठेवा आणि स्टीअरिंग पटापट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. रिसीव्हरचा दिवा लुकलुकला किंवा विझला तर वीज अपुरी आहे. तेव्हा मोठा सर्वो लावलात तर त्रास वाढेलच. त्यावर उपाय म्हणजे वेगळा, ५ अँपिअर किंवा जास्त क्षमतेचा बीईसी. तो लावताना कंट्रोलरच्या वायरमधली लाल तार काढून बाजूला ठेवायची, म्हणजे दोन बीईसी एकमेकांशी भांडत नाहीत. त्या मोकळ्या तारेचं टोक टेप लावून बंद करा.

उलटी चूकही होते. दोन सेलची लिपो पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देते. सर्वोवर हाय व्होल्टेज असं लिहिलेलं नसेल तर त्याला ती थेट जोडू नका, पहिल्याच दिवशी धूर निघेल. आणि आर्डुइनोवर प्रोजेक्ट करणाऱ्यांनो, सर्वोची वीज बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनमधून घेऊ नका. वेगळा पुरवठा द्या, फक्त दोन्हींची काळी तार, म्हणजे ग्राउंड, एकत्र जोडा. तपकिरी किंवा काळी तार ग्राउंड, लाल मधली तार वीज, आणि नारिंगी, पिवळी किंवा पांढरी तार संदेशाची.

याच ठिकाणी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. रिमोटमध्ये किंवा रिसीव्हरवर फेलसेफ असतो. संदेश तुटला तर मोटर बंद किंवा ब्रेक, असा तो लावून ठेवा. मग गाडी हातात उचलून, चाकं मोकळी ठेवून, रिमोट बंद करून बघा. चाकं थांबली पाहिजेत. हे तपासल्याशिवाय गाडी पोरांजवळ नेऊ नका.

बसवताना: मध्य आणि शेवट

दुसरं दुखणं जोडणीचं. नवा सर्वो आला की हॉर्न लगेच ठोकू नका. आधी सर्वो रिमोटला जोडा, ट्रिम शून्यावर आणा, सर्वोला मध्यावर येऊ द्या, आणि मगच हॉर्न बसवा, शक्यतो लिंकशी काटकोनात. दात्यांमुळे थोडा फरक राहतो, तो सब-ट्रिमने काढा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. ती म्हणजे शेवटची मर्यादा, रिमोटवर जिला एंड पॉइंट किंवा ईपीए म्हणतात. स्टीअरिंग हळूहळू एका टोकाला न्या आणि कान लावा. चाक पूर्ण वळलंय, पुढे जागाच नाही, तरी सर्वो "घूंऽऽ" करतोय, म्हणजे तो भिंतीला ढकलतोय. तो आवाज बंद होईपर्यंत मर्यादा कमी करा. दुसऱ्या बाजूलाही तसंच करा, कारण दोन्ही बाजूंचे आकडे क्वचितच सारखे येतात. दोन मिनिटांचं काम आहे. न केलं तर प्रत्येक वळणावर सर्वो अडतो, तापतो, आणि दोन महिन्यांत तिसरा जातो.

स्क्रूचंही तेच. हॉर्नचा स्क्रू धातूत जात असेल तर निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब लावा. प्लॅस्टिकवर थ्रेडलॉक लावू नका, प्लॅस्टिक तडकतं. तिथे जुळता स्क्रू आणि बेताचा जोर पुरतो.

आपली वाळू, आपला उन्हाळा

नदीच्या वाळूत मुख्यतः क्वार्ट्‌झ असतं. कडकपणाच्या मोहस मापावर क्वार्ट्‌झ ७ वर येतं, अ‍ॅल्युमिनियम ३ च्या आसपास. म्हणजे वाळूचा कण गिअरमध्ये शिरला की तो दाते घासत राहतो. काळ्या मातीचा त्रास वेगळा. ती ओली असताना लिंकच्या सांध्यात भरते आणि वाळली की सिमेंटसारखी धरते. मग सर्वोला चाक वळवायच्या आधी मातीशी लढावं लागतं.

म्हणून दर तीन-चार वेळा चालवल्यावर एक तपासणी करा. लिंक सर्वोपासून सोडवा आणि चाकं हाताने वळवा. ती बोटाने सहज वळली पाहिजेत. अडत असतील तर दोष सर्वोचा नाही. बेअरिंग, किंगपिन, बॉल-जॉइंट साफ करा. सर्वो बिघडला म्हणून बदलणाऱ्यांपैकी पुष्कळांची गाडी एवढ्यानेच सुधारली असती.

सर्वो उघडायची वेळ आली तर घाई करू नका. तळाचे चार लांब स्क्रू काढा, पण उघडायचं वरचं झाकण. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा आणि गिअर पांढऱ्या ताटलीत क्रमाने ठेवा. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन गिअर पुसा. पेट्रोल नको, त्याने प्लॅस्टिक आणि रबर खराब होतं आणि आगीची भीती वेगळीच. प्रत्येक दाता बघा. एक तुटका दाता असला तरी गिअरचा सेट बदला. मग प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस पातळ थरात लावा. गिअर बुडेल एवढं भरलं तर ते धूळ धरतं आणि मोटरवर भार टाकतं. सायकलच्या चेनचं तेल तर नकोच, ते वाहून पोटेन्शिओमीटरपर्यंत जातं. बंद करताना रबरी रिंग जागेवर बसली का ते बघा.

पावसाळ्यासाठी आयपी-६७ लिहिलेला सर्वो घ्या. तरी त्याचा अर्थ समजून घ्या: ठरावीक खोलीच्या स्वच्छ पाण्यात अर्धा तास, तोही नव्या वस्तूची चाचणी. चिखलातल्या दोन हंगामांनंतर दांड्याजवळचं सील झिजलेलं असतं. ओली झालेली गाडी घरी आणली की बॅटरी काढा, पुसा, पंख्याखाली सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात नको.

आणि मे महिना. आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. हवाच एवढी तापलेली असेल तर सर्वोची उष्णता जाणार कुठे? सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी चालवा. दर दहा मिनिटांनी सर्वोला बोट लावा. पाच सेकंद बोट ठेववत नसेल तर गाडी थांबवा. मधला भाग अ‍ॅल्युमिनियमचा असलेला सर्वो उष्णता लवकर सोडतो, आपल्या हवेत त्याचे थोडे जास्तीचे पैसे वसूल होतात.

लक्षणावरून दोष

- गाडी उभी, सर्वो मध्यावर थरथरून राहिला: बॅटरी भरून बघा. तरी थरथरला तर पोटेन्शिओमीटर झिजलाय किंवा मळलाय.
- मोटर पळाली की मगच थरथरतो: मोटरचा विजेचा गोंधळ. ब्रशवाल्या मोटरवरचे छोटे कपॅसिटर तुटलेत का बघा, रिसीव्हरची अँटेना मोटरपासून दूर न्या.
- कट्‌ कट्‌ आवाज, एका जागी सटकतो: गिअरचा दाता गेला. सेट बदला, सर्वो फेकू नका.
- सर्वो वळतो, चाक नाही: सर्वो-सेव्हर सैल, किंवा हॉर्नचे दाते घासलेत.
- एका टोकाला जाऊन अडकून बसतो: पोटेन्शिओमीटर किंवा सर्किट. स्वस्त सर्वोत हे दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेतलेला बरा.
- काहीच हालचाल नाही: दुसरा चांगला सर्वो त्याच जागी लावा. तोही मेला तर दोष वायर, बीईसी किंवा रिसीव्हरचा.

खरेदी करताना

लोकप्रिय सर्वोच्या नकला भरपूर आहेत. हातात आल्यावर तीन गोष्टी करा. वजन करा, एमजी-९९६आर ५५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा, खूपच हलका निघाला तर आतला माल वेगळा आहे. स्टीलचे गिअर म्हणून विकला असेल तर चुंबक लावून बघा; पितळ चुंबकाला चिकटत नाही. आणि ती बाटलीची चाचणी. नागपूरला सीताबर्डीत जाऊन घेणार असाल तर दुकानातच सर्वो टेस्टरवर फिरवून मागा. ऑनलाइन घेतला तर परत करायची मुदत संपायच्या आत हे उरका. आणि शक्यतो असा सर्वो घ्या ज्याचे गिअर वेगळे मिळतात.

तर खाप्याच्या मित्रा, क्रम असा: लिंक सोडवून चाकं हाताने वळव, ईपीए लाव, बीईसी तपास, आणि मग १५ किलोचा, धातूच्या गिअरचा, बंद खोक्याचा एक सर्वो घे. तुझ्या गाडीला ३५ ची गरज नाही. वाचलेल्या पैशांत वेगळा बीईसी आणि गिअरचा एक जादा सेट येऊन जाईल.

पुढचा भाग लिपो बॅटरीवर: चार्जिंग, साठवण, आणि फुगलेल्या बॅटरीचं काय करायचं. तुमचे प्रश्न व्हॉइस मेसेजनेच पाठवा, आणि सोबत गाडीचं माप, बॅटरी आणि कंट्रोलर कोणता ते सांगा, म्हणजे उत्तर नेमकं देता येतं. भेटू.